दगडूचे घर

आमच्या घरी एक कासव आहे. त्याचे नाव दगडू. हे नाव माझ्या नातीने ठेवले. कारण आल्यावर पहिले चार दिवस ते पाण्यात पडलेल्या दगडासारखे निश्चल बसून होते. ते घरी आणण्याचा दोष मात्र सर्वस्वी माझा आहे.

नातीला अकरावे वर्ष लागले, त्या दिवशी तिला काही सजीव भेट द्यावी, असे माझ्या मनात आले. बाजारात एका दुकानी हिरव्या पाठीची, रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी अशी कासवे विकावयास ठेवलेली होती. प्रत्येकाच्या डोळ्यामागे कुंकवाच्या बोटासारखा एक तांबडा पट्टा होता. दुकानदार म्हणाला, "हे एवढेच राहते. ह्या वाडग्यात ठेवा, वाळलेली कोळंबी घाला, झाले." चाळीस वर्षे मुलांना 'विचारल्यावाचून विश्वास ठेवू नका' असे शिकवणारा मी, एक प्रश्नही न विचारता ते कासव, तो प्लॅस्टिकचा वाडगा आणि त्यातील प्लॅस्टिकचे माडाचे झाड घेऊन घरी आलो.

वर्षभरात दगडूची पाठ पाच सेंटिमीटरांची नऊ सेंटिमीटर झाली. वाडगा मात्र तेवढाच राहिला. मग एका सकाळी नात धावत आली व म्हणाली, "आजोबा, दगडू डोळेच उघडत नाही. काल रात्री तो जेवलासुद्धा नाही." पाहतो तो त्याच्या पापण्या सुजल्या होत्या. आम्ही त्यास पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी दोन बोटांनी त्याचे कवच हलकेच दाबून पाहिले. जे ढालीसारखे कठीण असावयास हवे, ते ओल्या पुठ्ठ्यासारखे दबले.

"ह्याला ऊन मिळते का?" त्यांनी विचारले.

"खिडकीत ठेवतो की आम्ही!" नात म्हणाली.

"काच उघडी की बंद?"

काच बंद असे.

येथे थोडे शास्त्र समजून घेतले पाहिजे. कासवाचे कवच ही त्याने पांघरलेली पेटी नव्हे. त्याचा पाठीचा कणा व बरगड्या रुंदावून, एकमेकींस जोडून ते कवच बनलेले असते. म्हणजे ते हाडच आहे. त्यावर आपल्या नखांसारख्या द्रव्याचे पातळ फलक बसवलेले असतात. कवचाला स्पर्शही कळतो. हाड म्हटले की कॅल्शियम आले आणि अन्नातील कॅल्शियम अंगी लागावयाचे, तर 'ड' जीवनसत्त्व हवे. हे जीवनसत्त्व कासवाच्या कातडीत सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे तयार होते. खिडकीच्या काचेतून उजेड येतो, ऊबही येते; पण हे विशिष्ट किरण काच अडवून धरते. दगडू वर्षभर उजेडात बसला आणि उन्हावाचून उपाशी राहिला. डोळ्यांच्या सुजेचे कारण दुसरे होते. नुसत्या वाळलेल्या कोळंबीतून त्यास 'अ' जीवनसत्त्व पुरेसे मिळाले नव्हते.

वैद्यांनी औषध दिले आणि निघताना म्हणाले, "गुरुजी, औषधाने तो महिनाभर तगेल. पुढे जगावयाचा तर त्याला घर हवे."

त्या संध्याकाळी शेजारच्या एका गृहस्थांनी सोपा उपाय सुचवला. "देवळामागच्या तळ्यात सोडून द्या. त्यालाही मोकळे वाटेल, तुम्हालाही पुण्य लागेल." सल्ला प्रेमाचा होता, परंतु घातक होता. दगडूची जात आपल्या देशातील नव्हे. अमेरिकेच्या दक्षिण भागात मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात आणि त्यालगतच्या मेक्सिकोच्या ईशान्य प्रदेशात ही कासवे मूळची राहणारी. तेथे ती ओंडक्यांवर ऊन खात बसतात आणि पावलांची चाहूल लागताच सुळकन पाण्यात घसरतात. म्हणून त्यांना इंग्रजीत 'रेड-इअर्ड स्लायडर', म्हणजे लाल कानांची घसरणारी कासवे, असे नाव पडले. पाळण्यासाठी ती जगभर विकली गेली आणि कंटाळलेल्या माणसांनी ती जगभरच्या तळ्यांत सोडून दिली. तेथे ती स्थानिक कासवांचे अन्न व ऊन खाण्याच्या जागा बळकावतात, रोगही पसरवतात. जगातील सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या जीवांच्या यादीत त्यांचे नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्यांची आयात बंद केली. आपल्याकडे केरळ, आसाम येथील पाणथळ जागीही ती आढळली आहेत.

"मग त्याच्याऐवजी आपल्या ओढ्यातले कासव पाळले असते तर?" नातीने विचारले. तेही नाही. आपल्या देशातील कासवांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ह्या कायद्याने अभय दिलेले आहे. ती पकडणे वा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. त्यांचे घर ओढ्यात आहे, तेथेच ती असावीत. दगडूला मात्र परत जावयास ओढा नव्हता. त्याला आणले आम्ही. तेव्हा त्याचे घरही आम्हीच बांधावयाचे होते.

आम्ही कागद घेऊन बसलो. पाणी किती हवे, हा पहिला प्रश्न. ह्या कासवांसाठी एक अंदाज सांगतात, की पाठीच्या दर सेंटिमीटरास सुमारे १५ लिटर पाणी असावे. नऊ सेंटिमीटरांस १३५ लिटर झाले. वाडग्यात दीड लिटर मावत होते! १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच अशी काचेची टाकी घ्यावयाची आणि तीत ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी भरावयाचे, असे ठरले. नातीने लगेच गुणाकार केला, १६२ लिटर. मी म्हणालो, "आता वजन सांग." ती क्षणभर थांबली आणि तिचे डोळे विस्फारले. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. म्हणजे १६२ किलो नुसते पाणीच, शिवाय काच, विटा व दगड! टाकी माझ्या जुन्या लिहिण्याच्या मेजावर ठेवण्याचा बेत तेथल्या तेथे रद्द झाला. लोहाराकडून लोखंडी घडवंची करून घेतली आणि ती भिंतीला लागून, खोलीतल्या भक्कम जागी उभी केली.

कासव पाण्यात राहते, पण त्याला कल्ले नसतात. ते आपल्यासारखेच फुफ्फुसांनी श्वास घेते. म्हणून पाणी इतके खोल हवे, की उताणे पडल्यास त्याला वळून सुलटे होता यावे, आणि आत अशी एकही अरुंद सांद नको, की जीत ते अडकून बुडेल. होय, कासवही बुडते. तळाशी बारीक खडी घालू नये, कारण कासव ती गिळते. आम्ही तळ मोकळा ठेवला. फक्त दोन मोठे गुळगुळीत गोटे ठेवले.

मग ऊन खाण्याचा ओटा. टाकीच्या एका टोकास रबराच्या तुकड्यावर विटा एकमेकींस भिडवून रचल्या आणि वर शहाबादी फरशीचा तुकडा बसवला. तो पाण्याच्या दोन बोटे वर कोरडा राहिला. चढण्यासाठी खरबरीत लाकडाचा उतार केला. वर लाकडी चौकटीत जाळी ठोकून झाकण केले. ते नसते, तर ओट्यावरून कडा ओलांडून दगडू जमिनीवर आपटला असता. जाळीवर दोन दिवे टांगले. एक उष्णतेचा, ज्याखाली फरशीवर सुमारे ३२ अंश तापमान राहते. दुसरा अतिनील किरण देणारा. दिवा व कासव ह्यांच्यामध्ये काच येऊ द्यावयाची नाही, ही चूक आम्ही पुन्हा करणार नव्हतो. ह्या दुसऱ्या दिव्याची एक लबाडी आहे. त्याचा उजेड दिसत राहतो. परंतु काही महिन्यांनी त्यातील अतिनील किरण क्षीण होतात. म्हणून पाकिटावर सांगितलेल्या मुदतीनंतर तो बदलावाच लागतो. दिवे दिवसा दहाबारा तास लावतो. रात्री कासवालाही अंधार हवा असतो.

कासवाच्या अंगात आपल्यासारखी ऊब निर्माण होत नाही. ते ऊन खाऊन तापते व पाण्यात उतरून निवते. म्हणून घराला एक उबदार टोक आणि एक थंड टोक असणे आवश्यक आहे. पुण्याच्या थंडीत टाकीतले पाणी फार गार होऊ लागले, तेव्हा आम्ही पाणी तापवण्याची विजेची कांडी बसवली. ती पाणी २५-२६ अंशांवर राखते. कासव तिला भाजू अथवा फोडू नये, म्हणून तिच्याभोवती जाळीचे वेष्टन आहे. पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व विजेची बटणे बंद करून खटके काढावयाचे, हा नियम नातीने मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला आहे आणि तो ती मलाही मोडू देत नाही.

सर्वांत अवघड गोष्ट दिसतच नाही. ती पाण्यातच असते. कासवाच्या मलमूत्रातून व उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो. तो विषारी असतो. निसर्गात काही सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट आणि दुसरे जंतू त्याचे पुष्कळ सौम्य असे नायट्रेट करतात. टाकीला जोडलेल्या गाळणयंत्रातील स्पंजात हेच जंतू वस्ती करतात. त्यांची वस्ती जमावयास कित्येक आठवडे लागतात. हे मला ठाऊक नव्हते. स्पंज काळा पडलेला पाहून मी तो नळाखाली धरला आणि पांढरा स्वच्छ होईपर्यंत चोळला. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने ती सारी वस्ती नष्ट झाली! दोन दिवसांत टाकीतले पाणी दुधाळले. आमच्या शाळेत स्वच्छतेचे बक्षीस मी वर्षानुवर्षे वाटले. पण अतिस्वच्छतेनेही घर उद्ध्वस्त होते, हे मला एका कासवाने शिकवले. आता स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळतो. दर आठवड्यास एक तृतीयांश पाणी बदलतो. नवे पाणी आदल्या दिवशी उघड्या बादल्यांत भरून ठेवतो, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जातो. काढलेले पाणी गुलाबांना घालतो. नायट्रेट हे झाडांचे खाद्य आहे, आणि गुलाबांनी ते मान्य केले आहे.

खाण्याचेही बदलले. कासवांचे खास तयार खाद्य, किसलेले गाजर, तांबड्या भोपळ्याची फोड, पाण्यावर तरंगणाऱ्या टिकलीएवढ्या पानांच्या वनस्पती, असे त्यास आलटून पालटून देतो. पालक देत नाही, कारण त्यातील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला धरून ठेवते. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानातून आणलेला समुद्रफेसाचा तुकडा पाण्यात टाकलेला असतो. तो एका सागरी जीवाच्या अंगातील कॅल्शियमयुक्त भाग आहे. दगडू तो कुरतडतो. तो पाण्यातच खातो. बाहेर दिलेला घासही तो पाण्यात नेऊन गिळतो.

कासवाला हात लावल्यानंतर साबणाने हात धुवावेत. त्याच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांच्यामुळे मुले आजारी पडू लागली, म्हणून अमेरिकेत १९७५ मध्ये सुमारे दहा सेंटिमीटरांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी झाली. एवढीशी कासवे मुले तोंडाशी नेतात, हे त्यामागील एक कारण होते. आमचा दगडू त्याहून किती लहान होता!

आपल्या जुन्या मराठी काव्यात एक दृष्टान्त वारंवार येतो, की कासवी आपल्या पिलांचे पोषण केवळ प्रेमळ दृष्टीने करते. प्रत्यक्षात कासवी जमिनीत खळगा करते, त्यात अंडी घालून माती लोटते आणि निघून जाते. मी हे सांगितले, तेव्हा नात थोडी हिरमुसली. मग म्हणाली, "पण आजोबा, आपण दगडूला वर्षभर नुसते बघतच होतो की!" ह्यावर मला उत्तर सुचले नाही.

नव्या घरात गेल्यावर तीन दिवस दगडू गोट्यामागे दडून राहिला. चौथ्या दिवशी दुपारी नातीने मला खुणेने बोलावले. तो उतारावरून चढून फरशीवर आला होता. मागचे दोन्ही पाय लांब पसरून, मान वर करून, डोळे मिटून तो दिव्याखाली बसला होता. पण ह्या वेळी पापण्यांना सूज नव्हती. माझ्या हातातील वर्तमानपत्र सळसळले मात्र, आणि दगडू सुळकन पाण्यात! आपल्या जातीचे नाव त्याने त्या दिवशी सार्थ केले. कवच पुरते कठीण व्हावयास पुढे पुष्कळ महिने लागले आणि मागल्या कडेशी एक वाकडेपणा कायमचा राहिला. तो माझ्या वाडग्याचा.

दगडू नर की मादी, हे अजून कळलेले नाही. नराची पुढच्या पायांची नखे मोठेपणी चांगलीच लांब होतात. तोवर वाट पाहावयाची. मादी असेल, तर पाठ २५ सेंटिमीटर किंवा अधिकही होईल. "म्हणजे ३७५ लिटर," नातीने हिशेब केला, "ही टाकी पुरणार नाही." नाहीच पुरणार. म्हणून मागल्या अंगणात हौद बांधण्यासाठी आम्ही एक डबा केला आहे. त्यात तिचे खाऊचे व माझ्या निवृत्तिवेतनातील काही पैसे पडतात.

नीट सांभाळल्यास ही कासवे तीस वर्षांहूनही अधिक जगू शकतात. माझे वय आता अडुसष्ट आहे. हे गणित नातीने मोठ्याने केले नाही, पण केले असावे. कारण त्यानंतर एके दिवशी तिने एक वही आणून माझ्यापुढे ठेवली. "आजोबा, दिवा कधी बदलायचा, स्पंज कसा पिळायचा, सगळे तुमच्या अक्षरात लिहा," ती म्हणाली. मी लिहिले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस आम्ही दगडूची पाठ मोजून त्याच वहीत नोंदवतो. पट्टी तिने धरावयाची व आकडा मी लिहावयाचा, अशी आमची वाटणी होती. गेल्या महिन्यापासून पट्टी मी धरतो.