रस्त्यावरील वृक्ष

वैशाखाच्या भर दुपारी मुंबईच्या रस्त्याने चालणारा वाटसरू नकळत एक बाजू सोडून दुसऱ्या बाजूला जातो. तेथे पर्जन्यवृक्षांची किंवा गुलमोहरांची रांग उभी असते. भाजीवाली आपली पाटी तेथेच मांडते, छत्र्या दुरुस्त करणारा कारागीर तेथेच बसतो आणि बसची वाट पाहणारे तेथेच गर्दी करतात. पानांतून बाहेर पडणाऱ्या बाष्पामुळे झाडाभोवतीची हवा थंड होते. धूळ पानांवर अडते. पावसाचे थेंब पर्णसंभारावर झेलले जातात व पाणी सावकाश जमिनीत मुरते. पोपट, खारी आणि वटवाघळे यांना शहरात आसरा मिळतो तो याच वृक्षांवर.

परंतु पावसाळा आला, की हाच वृक्ष भयाचे कारण होतो. माती भिजून सैल होते, पाने पाण्याने जड होतात आणि वारा पर्णसंभारात शिडासारखा भरतो. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा शहरातील शेकडो झाडे उन्मळून पडली. असे वादळ नसतानाही पावसाळ्यात फांद्या कोसळतात, माणसे जखमी होतात. प्रसंगी कोणाचा प्राणही जातो. ज्याच्या घरचे माणूस असे गेले, त्याने 'ही झाडे तोडून टाका' असे म्हटले, तर त्याला वृक्षांचा वैरी म्हणता येत नाही.

मग दोष वृक्षाचा की माणसाचा? याचे उत्तर पुष्कळदा जमिनीखाली सापडते. झाड जितके उंच, तितकी त्याची मुळे खोल, असा समज आहे. वस्तुतः बहुतेक वृक्षांची बरीचशी मुळे जमिनीच्या वरच्या थरातच असतात आणि ती फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. जाड मुळे वृक्षाला धरून ठेवतात. बारीक मुळे पाणी शोषतात. नळ किंवा विजेच्या तारा टाकण्यासाठी बुंध्याजवळ चर खणला, की जाड मुळे तुटतात. बुंध्याला काँक्रीट भिडवले, की बारीक मुळांना पाणी व हवा मिळत नाही. वरून हिरवागार दिसणारा वृक्ष आतून निराधार होतो. पुढे एके दिवशी तो पडतो आणि सर्व दोष वाऱ्याला दिला जातो.

छाटणीचेही तसेच आहे. तारांच्या अडचणीसाठी एकाच बाजूच्या फांद्या तोडल्या, तर झाडाचा तोल बिघडतो. शेंडाच उडवला, तर मोठी जखम भरत नाही. तीतून कवक शिरते आणि लाकूड कुजते. जाणता माळी फांदी खोडाला मिळते तेथील फुगवटा राखून त्याच्या बाहेर करवत चालवतो. मग भोवतीची साल वाढून घाव झाकते. बुंध्यावर उगवलेली अळंबी, खोडातील पोकळी, एकाएकी आलेला कल किंवा मुळांजवळ उचललेली माती ही धोक्याची चिन्हे तो पावसाळ्यापूर्वीच पाहून ठेवतो.

महाराष्ट्रात १९७५ साली नागरी भागातील झाडांच्या रक्षणासाठी कायदा झाला. त्यानुसार परवानगीवाचून झाड तोडणे हा अपराध आहे. २०२१ च्या सुधारणेने ५० वर्षे व त्याहून अधिक वयाच्या झाडांना 'हेरिटेज वृक्ष' म्हणून विशेष संरक्षण दिले. याचा अर्थ कुजलेले झाडही तसेच उभे ठेवावे, असा नव्हे. ज्याला वाचवण्याचा उपाय उरला नाही आणि ज्याच्याखालून माणसे ये-जा करतात, ते झाड रीतसर काढणेच योग्य.

त्याच्या जागी कोणते रोप लावावे, हाही विचाराचा विषय आहे. पर्जन्यवृक्षाचा विशाल घेर रुंद रस्त्याला शोभतो, अरुंद गल्लीला नव्हे. मादागास्करहून आलेला गुलमोहर झपाट्याने वाढतो, पण त्याचे लाकूड ठिसूळ असते. अरुंद जागी बकुळ किंवा ताम्हण बरे.

रोप लावण्यास एक दिवस पुरतो. त्याची सावली रस्ताभर पडण्यास कित्येक वर्षे लागतात. म्हणून कुऱ्हाड हा शेवटचा उपाय, आणि वेळेवर केलेली देखभाल हा पहिला.

शब्दार्थ
पर्णसंभार – पानांचा भरगच्च समूह
उन्मळणे – मुळांसकट उपटले जाणे
कवक – बुरशी
कल – एका बाजूला झुकणे

स्वाध्याय
१. वृक्ष पडल्याचा सर्व दोष वाऱ्याला देणे योग्य का नाही?
२. धोकादायक वृक्षाची चिन्हे कोणती?
३. शाळेजवळच्या एका झाडाचा बुंधा, खोड व फांद्या यांचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.