उभी गाडी खाते

पंधरा वर्षं मी सोलापुरात स्वतःची मालवाहू गाडी स्वतः चालवतोय. पहिली घेताना रंग बघितला, दुसरी घेताना किंमत. तिसऱ्या वेळी एकच विचारलं : ही वर्षात किती दिवस उभी राहील? दहा गाड्यांच्या मालकाची एक थांबली तरी नऊ कमावतात. आपली एकुलती एक. ती थांबली तरी हप्ता थांबत नाही.

1. आधी माल ठरवा, मग गाडी. साखर आणि सिमेंटनं बॉडी भरायच्या आधी वजन भरतं. चादरी-टॉवेलांनी बॉडी शिगोशिग भरते, काट्यावर मात्र गाडी हलकीच. मी हौसेनं लांब बॉडी घेतली आणि काम मिळालं सिमेंटचं. अर्धी बॉडी रिकामी नेत दोन वर्षं काढली.

2. नावातले आकडे वाचा. 2818 म्हणजे एकूण वजन 28 टन आणि ताकद साधारण 180 अश्वशक्ती. 2018 साली एक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढली आणि 25 टनांची दहा टायर गाडी 28 वर गेली. पण या 28 टनांत गाडीचं स्वतःचं वजनही आलं. बॉडी जितकी जड बांधाल, तितका माल कमी. जुनी घेताना आरसीवर किती पासिंग आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

3. गाडीच्या आधी तिचे पार्ट शोधा. माझी दुसरी गाडी स्वस्तात मिळाली होती, चालायलाही चांगली. कांदा भरून हैदराबादला निघालो आणि हुमनाबादच्या अलीकडे गिअरबॉक्स बसला. मिस्त्री तासाभरात आला, पण लागणारं सामान कुठंच मिळेना. चौथ्या दिवशी ते आलं, तोवर ताडपत्रीखाली कांद्याला पाणी सुटलं होतं. भाडं गेलंच, वर व्यापाऱ्याचं ऐकून घ्यावं लागलं. तिसरी घेण्याआधी त्याच रस्त्यावर उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद इथल्या पार्टच्या दुकानांत थांबलो. "या मॉडेलची क्लच प्लेट आत्ता आहे का?" एवढंच विचारलं. ज्या मॉडेलला तिन्ही गावांत "आहे" ऐकलं, तीच गाडी घेतली.

4. जुनी गाडी थंड असताना बघा. मालकानं आधीच चालू करून गरम ठेवली असेल तर चहा प्या, परत या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जा. चालू इंजिनाच्या ऑइलचं टोपण उघडल्यावर धुराचा जोर दिसला, तर इंजिनकाम जवळ आलंय. चेसिसवर एखाद्याच जागी ताजा रंग दिसला तर तिथं वेल्डिंग शोधा. पुढचे टायर एका बाजूनं झिजलेत का, पाट्यांची पानं तुटलीत का, तेही बघा. मिस्त्री आपला न्या, विकणाऱ्याचा नको.

5. सन विसरू नका. 1 एप्रिल 2020 पासूनच्या गाड्या बीएस-6. त्यांना डिझेलबरोबर युरियाही लागतो. तो संपला की इंजिनाची ताकद उतरते, आणि सेन्सरचा बिघाड पान्यानं नव्हे, स्कॅनरनं सापडतो. नॅशनल परमिट साध्या दोन एक्सलच्या गाडीला 12 वर्षांपर्यंत, मल्टीएक्सलला 15 वर्षांपर्यंत. दहा वर्षांची सहा टायर घ्याल, तर परराज्याची भाडी दोनच वर्षं.

6. कागद पैशाआधी. फायनान्सचा बोजा उतरलाय का, टॅक्स आणि विमा भरलाय का, किती चलानं थकलीत? हे सगळं इसार देण्याआधी.

7. हप्ता जुलैच्या कमाईवर बांधा, जानेवारीच्या नको. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, मार्केट यार्डात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात, आणि नवी गाडी विकणारा नेमका तेव्हाच गाठतो. त्याचं हिशेबाचं गणित त्या महिन्यापुरतं खरंही असतं. त्याचा चहा प्या, सगळं ऐकून घ्या. सही मात्र आषाढात करा.