हाताने विणलेला लोकरी स्वेटर न आटवता रंगविणे

हाताने विणलेला स्वेटर वर्षानुवर्षे टिकतो. परंतु रंग विटला की पेटीत पडून राहतो. असा पांढरा अथवा फिकट स्वेटर विक्रीतून उरलेल्या झेंडूच्या फुलांनी घरच्या घरी रंगविता येतो. मात्र चूक झाल्यास तो आटतो व पूर्ववत होत नाही.

लोकर का आटते?
लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम, ओली लोकर चोळल्यास, ढवळल्यास किंवा एकदम थंड पाण्यात टाकल्यास हे खवले एकमेकांत अडकतात आणि वीण घट्ट होते. धुण्याच्या सोड्याने तंतू कमजोर होतात. म्हणून सोडा वापरू नये.

लोकरीची परीक्षा
बाजारात लोकर म्हणून मिळणारे पुष्कळ धागे ॲक्रिलिकचे असतात. त्यांवर हा रंग नीट चढत नाही. धाग्याचा तुकडा जाळून पाहावा. केस जळाल्यासारखा वास येऊन राख बोटाने चुरडली, तर लोकर समजावी. वितळून कडक गोळी झाल्यास ॲक्रिलिक समजावे.

साहित्य (२५० ग्रॅम स्वेटरसाठी)
तुरटी २५ ग्रॅम, झेंडूची ताजी फुले ५०० ग्रॅम, रिठ्याचे पाणी, स्टीलचे मोठे पातेले. लोखंडी भांड्यात रंग काळपट होतो.

कृती
१) स्वेटरची छाती, लांबी व बाहीचे माप लिहून ठेवावे.
२) रिठ्याच्या कोमट पाण्यात न चोळता दाबून धुवावा.
३) तुरटी गरम पाण्यात विरघळवून १० लिटर कोमट पाण्यात मिसळावी व ओला स्वेटर त्यात बुडवावा. मंद आचेवर पाऊण तासात ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेवढाच वेळ ठेवावा. उकळी येऊ देऊ नये. त्याच पाण्यात थंड होऊ द्यावा.
४) फुले देठ काढून तासभर उकळावीत. पाणी गाळून कोमट करावे व स्वेटर बुडेल इतके पाणी वाढवावे. त्यात स्वेटर ठेवून पुन्हा तसाच तापवावा. अधूनमधून अलगद उलटावा.
५) रंगाच्या पाण्यातच रात्रभर निवू द्यावा. नंतर तेवढ्याच उष्णतेच्या पाण्याने खळबळून घ्यावा.

वाळविणे
पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा, लिहिलेल्या मापाप्रमाणे सपाट पसरावा आणि सावलीत वाळवावा. दोरीवर टांगल्यास तो लांबतो.

प्रथम त्याच लोकरीचा लहान तुकडा विणून रंगवून पाहावा. म्हणजे स्वेटर बिघडण्याचा धोका कमी होतो.