३.४ स्वगत भाषण आणि अध्ययन

मागील उपघटकात आपण दोघांमधील संवादाचे कार्य पाहिले. येथे स्वतःशीच केलेल्या बोलण्याचा विचार करावयाचा आहे. मूल चित्र काढताना पुटपुटते. या बोलण्याला पियाजे यांनी १९२३ च्या ग्रंथात ‘आत्मकेंद्री भाषण’ म्हटले. वयाबरोबर ते गळून पडते, असे त्यांचे मत होते. विगॉट्स्की यांनी त्याचा प्रतिवाद केला. त्यांचा ग्रंथ १९३४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. हवी ती रंगीत पेन्सिल मुद्दाम दूर ठेवली, तेव्हा मुलांचे पुटपुटणे जवळजवळ दुप्पट झाले. अडचण आली की बोलणे वाढते, याचा अर्थ ते विचाराचे साधन आहे. पुढे ते नाहीसे होत नाही, आत वळते.

मराठीत याचे उत्तम उदाहरण संख्यानामांत सापडते. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतात, लिहिताना मात्र सहा आधी येतो. म्हणूनच २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धती आली व राज्यभर वाद झाला. त्या वादात संख्यानामांच्या दुसऱ्या बाजूकडे पुरेसे लक्ष गेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ६३ मधून २९ वजा करणारे मूल स्वतःशी म्हणते, “एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. त्रेसष्टातून तीस गेले, तेहतीस. एक परत, चौतीस.” येथे रीत शब्दानेच सुचवली आहे, मात्र तो शब्द उच्चारला जावा लागतो. ‘गप्प बसून सोडवा’ असे बजावणारा शिक्षक हातचे साधनच काढून घेतो. हे पुटपुटणे घरच्या बोलीत असेल तर तेथे शुद्धाशुद्ध पाहू नये. प्रमाण भाषा उत्तर लिहिताना यावी.

आपणांस रोजचा वर्ग नाही. काम आटोपून रात्री एकट्याने वाचताना परिच्छेद संपला की पुस्तक मिटून त्याचा आशय आपल्या शब्दांत मोठ्याने सांगा. जेथे अडखळाल, तेवढाच भाग पुन्हा वाचा. नुसते घोकणे निराळे; त्यात अडखळण्याची जागा कळत नाही.

कृती : शिर्डीसारख्या गावी हार-प्रसादाचा विक्रेता परप्रांतीय भाविकांशी हिंदीत किंवा तेलुगूत बोलतो. सुटे पैसे मोजताना तो कोणत्या भाषेत पुटपुटतो, ते ऐका. आपल्या परिसरातील अशा तीन व्यक्तींची निरीक्षणे नोंदवा आणि गिऱ्हाइकाने मध्येच प्रश्न विचारल्यावर मोजणीचे काय होते, तेही लिहा.