उन्हावर चालणारा पंप

मुलांनो, वसईजवळच्या जूचंद्र परिसरात मिठागरे आहेत. तेथे ऊन खाडीचे पाणी आटवते आणि मीठ उरते. तेच ऊन विहिरीचे पाणी वर आणते, हे तुम्ही पाहिले आहे का? सौर पॅनेलवर ऊन पडले, की वीज तयार होते व पंप चालतो. पण आभाळ आले, की वीज घटते. मग?

पॅनेल आणि पंप यांच्यामध्ये एक पेटी असते. तिला कंट्रोलर म्हणतात. ऊन घटले, की तो मोटरचा वेग कमी करतो. वाढले, की वाढवतो. वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागतो. पाण्यावाचून फिरणारा पंप तापतो, बिघडतो आणि उभे पीक सुकते! म्हणून पाणी संपताच कंट्रोलर पंप थांबवतो.

महाराष्ट्रात २०२४ साली ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू झाली. शेतात असा पंप दिसला, तर जरूर पाहा. पेटी मात्र उघडू नका. ऊन असेपर्यंत तारांत वीज असते.