जबडा धरला, की तोंड आखडले?

‘डॉक्टर, जबडा धरला. तोंड उघडत नाही.’ अशी तक्रार घेऊन येणारे रुग्ण चामोर्शीच्या माझ्या दवाखान्यात नेहमीच असतात. येण्याआधी तेलाची मालिश आणि दुकानातली वेदनाशामक गोळी हे दोन उपाय बहुतेकांचे झालेले असतात. पण या एकाच तक्रारीमागे दोन निरनिराळे आजार असू शकतात. एक सांध्याचा, दुसरा खर्ऱ्याचा. दोहोंतला फरक प्रत्येक वाचकाला कळावा, म्हणून आजचा हा लेख.

सांधा कोठे असतो?

कानाच्या छिद्रापुढे बोट ठेवून तोंड उघडा व मिटा. बोटाखाली जे हलते, तोच जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याचे गोलसर टोक व कवटीचे हाड यांच्यामध्ये कूर्चेची एक लहान चकती असते. बोलताना, चावताना, जांभई देताना ही चकती हाडाबरोबर पुढे-मागे सरकते.

सांधा का बिघडतो?

झोपेत दात खाणे, मानसिक ताण, जबड्याला लागलेला मार, संधिवात ही कारणे नेहमीची. दाढा पडल्यामुळे वर्षानुवर्षे एकाच बाजूने चावल्यासही सांध्यावर व स्नायूंवर ताण येऊ शकतो. अशा वेळी कानापुढे दुखते, चावताना दुखणे वाढते, तोंड उघडताना ‘कट्’ असा आवाज येतो किंवा जबडा एका बाजूला सरकतो. पुष्कळांना ही कानदुखीच वाटते व ते कानात औषध घालत बसतात. नुसता आवाज येत असेल, दुखत नसेल, तर उपचारांची गरज सहसा नसते.

निदान व उपचार

निदान मुख्यतः रुग्णाला विचारून व बोटांनी तपासून होते. दातांची व हाडांची स्थिती पाहण्यासाठी एक्स-रे काढतात. चकतीचा दोष पाहण्यासाठी एमआरआय लागतो, पण तो थोड्यांनाच.

बहुतेक रुग्ण साध्या उपायांनी बरे होतात. काही दिवस मऊ भात, वरण, खिचडी असा आहार घ्यावा. ऊस, फुटाणे टाळावेत. दिवसातून दोन-तीन वेळा १५-२० मिनिटे कोमट शेक द्यावा. जांभई येताना हनुवटीखाली हाताचा आधार द्यावा. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. दात खाण्याची सवय असल्यास दंतवैद्य रात्री घालायची पट्टी बनवून देतात. शस्त्रक्रिया क्वचितच लागते.

खर्ऱ्याने आखडलेले तोंड

आता दुसरा आजार. यात सांधा बहुधा निरोगी असतो. आखडते ते गालाच्या आतले अस्तर. सुपारीतल्या द्रव्यांमुळे अस्तराखाली ताठ तंतू साठतात. आधी तिखट झोंबते, मग गाल आतून पांढरट व कडक होतो, आणि हळूहळू तोंड उघडणे कमी होते. शिट्टी वाजत नाही, जीभ पुरती बाहेर येत नाही. १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशी यांनी या आजाराचे वर्णन भारतात प्रसिद्ध केले.

आपल्याकडे सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत घोटून खर्रा करतात. तो पुरुष खातात, बायाही खातात, शाळकरी मुलेही खाऊ लागतात. ‘तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी खातो,’ असे मला कित्येक जण समाधानाने सांगतात. पण हा आजार मुख्यतः सुपारीचाच आहे. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक ठरवली. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले, तेव्हा त्यांतील ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाला.

आखडलेले तोंड पूर्ववत करणारे औषध नाही. पण खर्रा व सुपारी सोडली, तोंडाचे व्यायाम केले, दंतवैद्यांकडून इंजेक्शने घेतली, तर पुष्कळ अंशी सुधारणा होऊ शकते. फार आखडल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. खर्रा चालूच ठेवला, तर कोणताच उपचार टिकत नाही.

घरी करायची चाचणी

आपली मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या व खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. तिन्ही गेली तर बहुधा ठीक आहे. दोनच गेली तर तपासून घ्या. कानापुढे दुखत असेल तर सांध्याचा संशय. दुखत नाही, पण तिखट झोंबते व खर्ऱ्याची सवय आहे, तर दुसऱ्या आजाराचा.

थांबू नये असे प्रसंग

जखमेनंतर काही दिवसांनी दातखीळ बसणे हे धनुर्वाताचे लक्षण असू शकते. जबडादुखीबरोबर छातीत दडपण व घाम आल्यास हृदयविकाराची शंका घ्यावी. ताप व गालावर सूज असल्यास दाढेतला पू पसरत असू शकतो. जांभईनंतर तोंड उघडेच राहिल्यास सांधा निखळलेला असतो; तो डॉक्टरांकडूनच बसवून घ्यावा. या चारही प्रसंगी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तोंडातला व्रण किंवा पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर त्याचा तुकडा काढून तपासणे आवश्यक असते.

वाचकहो, आज जेवणाआधी घरातल्या प्रत्येकाची तीन बोटांची चाचणी करून पाहा. त्याला एक पैसाही लागत नाही.