जिवाणूंचे दिशाज्ञान आणि अम्लपित्ताचा रुग्ण

आमाशयातील तीव्र अम्लात जिवाणू टिकूच शकत नाहीत, अशी पूर्वी सर्वमान्य समजूत होती. 1982 मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांच्या हेलिकोबॅक्टर पायलोरीवरील संशोधनाने ती खोटी ठरविली. त्यासाठी 2005 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा जिवाणू तेथे कसा टिकतो, याचा येथे थोडक्यात विचार करू.

जिवाणूंच्या पोहण्याचा सखोल अभ्यास ई. कोलायवर झाला आहे. 1972 मध्ये हॉवर्ड बर्ग व डग्लस ब्राउन यांनी दाखविले की, हा जिवाणू सुमारे एक सेकंद सरळ पोहतो, क्षणभर गटांगळी खातो आणि नव्या दिशेने निघतो. त्याचे शरीर अतिसूक्ष्म असल्याने तो 'आता' व 'काही क्षणांपूर्वी' यांची तुलना करतो. परिस्थिती अनुकूल होत असेल तर गटांगळ्या कमी होतात व सरळ धाव लांबते. आवरणातील ग्राही प्रथिने हा बदल टिपतात. प्रतिकूल स्थितीत 'चे-ए' हे प्रथिन 'चे-वाय'ला फॉस्फेट देते व त्यामुळे कशाभिकेची फिरण्याची दिशा उलटते. ग्राहींवर मिथिल गट चढणे-उतरणे हीच त्याची अल्पकालीन स्मृती होय.

हेलिकोबॅक्टर याच क्षमतेने अम्लापासून दूर, श्लेष्मल आवरणाकडे वळतो. युरियापासून अमोनिया निर्माण करून तो भोवतालचे अम्ल सौम्य करतो. त्यामुळे दाट श्लेष्मा पातळ होऊन त्याला वाट मिळते. दिशाज्ञान नष्ट केलेले जिवाणू उंदरांच्या आमाशयात नीट वसाहत करू शकत नाहीत, असे प्रयोगांत आढळले आहे.

चिकित्सकाने यातून काय घ्यावे? काचपात्रात जिवाणू मारणारे द्रव्य श्लेष्म्याखाली दडलेल्या जिवाणूपर्यंत पोहोचेलच, असे नाही. तसेच, दाह शमला म्हणजे जिवाणू गेला, असेही नाही. जीर्ण अम्लपित्तात मलपरीक्षण किंवा युरिया श्वासपरीक्षण करून घ्यावे. अम्लस्राव रोखणारी ओमेप्राझोलसारखी औषधे चालू असतील, तर ती वैद्यकीय सल्ल्याने दोन आठवडे आधी थांबवावीत, अन्यथा परीक्षण चुकीने नकारार्थी येऊ शकते.

औषधालयचालकांनीही महिनोन्‌महिने तेच औषध नेणाऱ्या ग्राहकाची विचारपूस करावी. लोहकल्पांनी मल काळा होतो हे खरे. परंतु काळा मल, रक्ताची उलटी, गिळण्यास त्रास, वजन घटणे वा पांडुता दिसल्यास रुग्णास एंडोस्कोपीसाठी पाठविण्यास विलंब करू नये.

चरकाचार्यांनी विमानस्थानात कृमिचिकित्सेसाठी अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन हा त्रिविध क्रम सांगितला आहे. ते कृमी व हे जिवाणू एकच, असे म्हणण्याची घाई नको. मात्र शत्रूबरोबरच त्याच्या आश्रयस्थानाचाही विचार करावा, ही दृष्टी आजही उपयोगी आहे.